मेसच्या भिंतीवरची गल्ली

२ मार्च, रविवार

ठेकेदाराने सगळ्यांना एकेक डायरी वाटली. खोलीतल्या बाकीच्यांनी आपापली डायरी चहाच्या कपाखाली घातली. मी लिहायला घेतली, कारण सुट्टीच्या दिवशी माझा हात शिवशिवतो आणि पत्ते मला येत नाहीत.

शाळा सातवीतच सुटली. मजकूर कसाही असला तरी अक्षराला कोणी नाव ठेवणार नाही. अक्षर बाबांचं आहे. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात. छापील फलक आल्यापासून कामं आटली, तरी जुन्या ओळखीतली एखादी पाटी अधूनमधून येते. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, मग सोडलं, मग हे धर ते सोड करत करत इतक्या लांब येऊन पडलो. बाबा म्हणतात, या पोराच्या पायाला भिंगरी आहे, आणि ती काढावी तर पायच निघून येईल.

इथे मी जहाजं दुरुस्त करणाऱ्या गोदीत रंगारी आहे. गंज खरवडायचा, रंगाचे हात द्यायचे. जहाज विकलं गेलं असलं तर जुनं नाव पुसून नवं काढायचं. ते काम मुकादम मलाच देतो, कारण मी कुठल्याही लिपीतलं नाव काढतो. वाचता आलं नाही तरी अडत नाही. बाबांची शिकवण आहे, अक्षर वाचलं की हात चुकतो, अक्षर नुसतं बघायचं.

आज वेल्डरने त्याच्या पत्र्याच्या पेटीवर एक शब्द लिहून घेतला. हा वेल्डर माझ्या शेजारच्या खाटेवरचा. केस पिकलेले, भाषा पोर्तुगीज, पण आमच्याशी गोदीतल्या सगळ्या भाषांची गोधडी करून बोलतो. पुठ्ठ्यावर शब्द लिहून दिला. मी निळ्यात काढला, पांढरी कड दिली. झाल्यावर विचारलं, "काय लिहिलं मी? बायकोचं नाव?"

तो म्हणाला, "बायकोचं नाव पेटीवर लिहिलं तर ती मला पेटीत घालेल. हे सौदाद आहे."

सौदाद म्हणजे काय, तर म्हणे ते सांगता येत नाही. एवढ्या निगुतीने काढलेल्या शब्दाचा अर्थ मालकालाच सांगता येत नाही.

५ मार्च

सौदादचा नाद सुटत नाही. जेवताना परत विचारलं.

वेल्डर म्हणाला, "जे आता नाही, पण त्याची जागा आहे. ती जागा दुखते."

"म्हणजे पडलेला दात."

"दात गेला तर तू खूश होतोस. इथे ते दुखणं थांबू नये असंही वाटतं."

"खाजेसारखं."

"खाज गोड नसते."

"असते की," मी म्हटलं, आणि क्रेनवाला हसताहसता पाण्यावर ठसकला.

क्रेनवाला आमच्या खोलीतला तिसरा. बायकोला दिवस गेलेत, म्हणून बिचारा कशालाही हसतो आणि कशालाही रडतो. वेल्डर पुढे म्हणाला, "मी घरी गेलो की मला या गोदीचीसुद्धा सौदाद होते. मग बायको म्हणते, जा मग, तिथेच मर."

झोपायच्या आधी मी आपले शब्द घासून पाहिले. आठवण म्हणावं तर ती येते आणि जाते. ओढ म्हणावं तर तिला पुढे काहीतरी लागतं. हुरहूर संध्याकाळची. रुखरुख काहीतरी करायचं राहून गेल्याची. एकाचाही रंग त्या निळ्याशी जुळेना.

९ मार्च, रविवार

घरी फोन. चिमीने, म्हणजे धाकट्या बहिणीने, बाबांनी परवा रंगवलेल्या पाटीचा फोटो पाठवला होता. न्हाव्याच्या दुकानाची. एकेक अक्षर टाकसाळीतून काढल्यासारखं, पण ओळ उजवीकडे घसरत गेलेली. शेवटचं अक्षर तर पाटीच्या कडेवर पाय सोडून बसलंय.

मी बाबांना म्हटलं, "काय हो, दोरी मारायला विसरलात की प्यायला लागलात?" (पाटीवर ओळ आखायला सुतळी खडूच्या भुकटीत बुडवून, ताणून सोडतात, तिला दोरी मारणं म्हणतात. ज्याने मला दोरी मारली नाही म्हणून फटके दिलेत, त्याची ही पाटी.)

बाबा हसले. "रेघेचा कंटाळा आला रे. जन्मभर सरळच चाललो."

मीही हसलो. आई मागे होती, ती हसली नाही. तिला माझे विनोद कधीच कळत नाहीत.

मग बाबांनी विचारलं, "रजा कधी?"

"एप्रिलात पाळी आहे माझी."

"एप्रिल म्हणजे सुरुवातीला का शेवटी?"

हे नवीनच. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी येतोस असं विचारलेलं नाही. वय झालं की माणसं हळवी होतात.

१३ मार्च

मुकादम म्हणतो, मेसची नवी भिंत पांढरी भकास दिसते, एप्रिलच्या अखेरीस मालक येणार, तेव्हा तिथे समुद्राचा छापील देखावा चिकटवायचा. मी म्हटलं, समोर खरा समुद्र असताना? तो म्हणाला, मग तू काढ काहीतरी, रंग गोदीचाच आहे, हजेरी मिळणार नाही.

मी हो म्हणून बसलो. तोंडातून निघून गेलं.

१४ मार्च

झोप नीट नाही. चित्र सोडून किती दिवस झाले. घरी माळ्यावर माझ्या अर्धवट चित्रांची चळत आहे. घोड्याचे तीन पाय झाले, चौथा राहिला. बाईचा चेहरा झाला, हात राहिले. बाबांना मी दर वेळी दाखवायचो, कसं आहे? ते बघायचेसुद्धा नाहीत. म्हणायचे, "अर्ध्या चित्राला मी बरंवाईट म्हणत नाही. पुरं झालं की बोलाव." एकही पुरं झालं नाही. म्हणजे आजवर बाबांनी माझं एकही चित्र पाहिलेलं नाही.

हे एक पुरं करायचं. बाकी मला काही नको. त्यांनी एकदा बघावं आणि बरं म्हणावं. चांगलं म्हणायचे नाहीतच, त्यांच्या तोंडात तो शब्द नाही. बरं पुरे.

१६ मार्च, रविवार

काय काढायचं ते सापडलं. गल्ली. दुपारची, सगळी दुकानं बंद, माणूस नाही. प्रत्येक दुकानावर पाटी, आणि पाटी कोरी, नुसत्या दोऱ्या मारलेल्या. मेसमध्ये इतक्या भाषांचे लोक जेवतात, ज्याला जे वाचायचं ते तो वाचेल.

उजवीकडे एक शिडी. शिडीवर बाबा, हातात कुंचला, पहिलं अक्षर काढायच्या बेतात.

वेल्डरला सांगितलं. तो बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला, तिथे काहीच नव्हतं तरी. म्हणाला, "एक खिडकी देशील? आमच्या घराची निळी होती. घर पाडलं." मी म्हटलं, देतो.

आता सगळ्यांनाच काहीतरी हवंय. स्वयंपाक्याला त्याच्या गावचा पाण्याचा नळ हवा, एकाला कुत्रं हवं. कुत्रं म्हटलं बसवू, गल्ली आहे, कुत्र्याशिवाय शोभायची नाही.

२३ मार्च, रविवार

सकाळपासून भिंतीवर. कोळशाने आखणी झाली. जहाजाच्या अंगावर रंग मारणं वेगळं आणि हे वेगळं. तिथे हात खांद्यातून चालतो, इथे मनगटातून. मनगट गंजलंय. स्वयंपाकी येऊन म्हणाला, "तुझा नळ गळतोय." मी म्हटलं, खराही गळतच असेल. तो म्हणाला, "हो. तुला कसं माहीत?"

बाबांचा चेहरा येत नाही. नाक येतं, कानाची पाळी येते, डोळे येत नाहीत. इतकी वर्षं त्या डोळ्यांना घाबरलो, नीट बघितलेच नाहीत. चिमीला निरोप टाकला, बाबांचा समोरून, डोळ्यांचा फोटो पाठव.

२७ मार्च

चिमीने फोटो पाठवला. बाबा काळा चष्मा लावून बसलेत, नटासारखे. मी लिहिलं, चष्मा काढून पाठव. तिने दुसरा पाठवला, त्यात डोळे मिटलेले. तिसरा पाठवला तो चार वर्षांपूर्वीचा, शेजारच्या लग्नातला, त्यात बाबा ताटाकडे बघतायत.

फोन करून विचारलं, "तुला एक साधा फोटो काढता येत नाही?"

"ऊन लागतं त्यांना म्हणून चष्मा घालतात. मी काय करू?"

"घरात कसलं ऊन?"

"तू ये आणि काढ ना तुझ्या हाताने." फोन ठेवून दिला. या पोरीची जीभ दिवसेंदिवस फार चालते.

शेवटी ठरवलं, बाबा पाठमोरे. शिडीवरचा माणूस पाठमोराच असतो.

३ एप्रिल

मोठा पेच. माझी रजा पुढच्या आठवड्यात सुरू होते. चित्र निम्मंही नाही. मुकादम म्हणतो, तू गेलास की मी छापील देखावा लावणार, मालकाला अर्धी भिंत दाखवू का?

आणि मला माझी भीती वाटते. रजेवरून आलो की मी याला हात लावणार नाही. घोड्याचा पाय असाच राहिला.

क्रेनवाल्याची रजा ऑगस्टात आहे. त्याच्या बायकोचे दिवस एप्रिलात भरतात. तो कोणाला बोलला नाही, पण माझ्या रजेच्या तारखा त्याला माझ्यापेक्षा पाठ आहेत. पाळी बदलता येते. मात्र गोदीचा रिवाज आहे, एकदा बदललेली पाळी परत मागायची नाही. मागितली तर पुढे कोणी तुमच्याशी व्यवहार करत नाही.

४ एप्रिल

दिली. क्रेनवाल्याने माझे पाय धरले, मी ओशाळलो. दोघांचंही भलं झालं म्हणायचं.

घरी सांगितलं. चिमीने फोन बाबांकडे दिला.

बाबा म्हणाले, "ऑगस्ट."

"बाबा, भिंत आहे. मोठी. पुरी करायचीय."

मला वाटलं फोन कटला. मग त्यांनी विचारलं, "पुरी करशील?"

"करीन."

"शब्द?"

"शब्द."

"मग थांब तिथेच. मधे सोडून आलास तर दारात उभा करणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "उजेड कुठून घेतलास?"

"उजवीकडून. तीन वाजताचा."

"सावल्या लांब करू नकोस मग. लोक उगाच लांब करतात."

बाबा माझ्याशी चित्राबद्दल बोलले. जन्मात पहिल्यांदा. फोन ठेवल्यावर मी गोदीच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो, उगाच. मागून आईचं काहीतरी चाललं होतं, "सांगा की त्याला," असं ऐकू आलं. तिचं नेहमीचंच असणार, डब्यात काय न्यायचं, थंडीचं काय घ्यायचं. सांगायचं राहिलं.

१२ एप्रिल

क्रेनवाला गेला. जाताना हसला आणि रडला.

आता रोज बाबांचा फोन असतो. दिवसपाळी संपली की मी भिंतीजवळ फोन बाजूला ठेवतो, ते विचारतात, मी रंगवत सांगतो. शिडी किती पायऱ्यांची काढलीस. शटरचे पन्हळ कसे दाखवलेस. कुत्रं कोणत्या कुशीवर आहे. मी म्हणतो, "बाबा, फोटो पाठवतो ना, बघा." ते म्हणतात, "अर्धं मी बघत नाही. तू सांग." जुना खाक्या. पण सांगता सांगता मलाच चुका कळतात. शटर सांगताना कळलं, पन्हळांना खालून उजेड दिलाय मी. गल्लीला जमिनीतून सूर्य उगवला होता.

एकदा वाटलं, समोरासमोर असतो तर इतकं बोललो नसतो. घरी बाबा आणि मी एका खोलीत असलो की रेडिओ लागतो.

१९ एप्रिल

वेल्डरची खिडकी झाली. भिंतीच्या डावीकडे मी काही ठेवलेलं नाही, लांबच लांब पडकी भिंत आणि तिच्यात ही एकटी निळी खिडकी. वेल्डर रोज जेवायला तिच्याच समोर बसतो. पूर्वी जाळीजवळ बसायचा, वाऱ्याला.

मी म्हटलं, "उघडी हवी का बंद?"

"माझी आई अर्धी उघडायची. पूर्ण उघडली की मांजर यायचं."

अर्धी उघडली.

२७ एप्रिल, रविवार

पुरं झालं.

दोनदा लिहून ठेवतो, कारण हे वाक्य मी आधी कधी लिहिलेलं नाही. पुरं झालं. बाबांच्या पाठीवर सदरा जरा ताणलाय, खांद्याची हाडं दिसतात, डावा पाय वरच्या पायरीवर. पाटी कोरी. मला वाटतं वेल्डरचा शब्द मला आता कळला. सगळं तिथे आहे आणि तोंड तेवढं दिसत नाही, ते सौदाद असावं. वेल्डरला म्हटलं, तो म्हणाला, "असेल. तुझं जेवण थंड झालं."

चिमीला फोटो पाठवला.

२८ एप्रिल

बाबांचा फोन. मी कामावरून हात न धुता उचलला.

"बघितलं," म्हणाले.

"कसं आहे?"

"शिडी ठीक आहे. पाटीच्या दोऱ्या नीट मारल्यास." मग जरा थांबून, "डावी बाजू जड झालीय."

डावीकडे तर काहीच नाही. नुसती भिंत आणि एक खिडकी.

"डावी, बाबा?"

"नेहमीसारखी. तुझं सगळं डावीकडे लोटलेलं असतं. लहानपणापासून."

खरं आहे, पूर्वी असायचं. म्हणून तर या वेळी मी मुद्दाम डावी बाजू रिकामी सोडली. बोललो नाही. बरं म्हणाले नाहीत ते नाहीतच. मोबाइलवर कधीकधी फोटो उलटा दिसतो म्हणतात, तसं काही झालं असेल.

आणि त्यांनी माझी अर्धी चित्रं पाहिली होती तर. नाहीतर डावीकडचं कसं माहीत?

३० एप्रिल

मालक आला. हात धुवायला लागतो तेवढा वेळ चित्राकडे बघितलं आणि विचारलं, पाट्यांवर नावं का नाहीत, राहिली का? मुकादम म्हणाला, हो साहेब, राहिली. रंग मात्र चांगला बसलाय, मालक म्हणाला. रंग गोदीचाच आहे.

११ मे, रविवार

क्रेनवाल्याला गेल्या महिन्यात मुलगी झाली, तिचा फोटो आज आला. फोटोत बाळाच्या डोळ्यांना डोळे लावून बसलाय. आता ऑगस्टापर्यंत माझी पाळी नाही. त्याचं काही वाटत नाही. पण 'बरं' राहिलं ते टोचतंय. चिमीला सांगितलं, बाबा चित्र बघत असतानाचा व्हिडिओ काढ. मला बघायचंय, बघताना त्यांचं तोंड कसं होतं ते. ती म्हणाली, काढते कधीतरी. चार वेळा आठवण केली.

२५ मे, रविवार

व्हिडिओ आला. शेवटी.

बाबा खुर्चीत बसलेत, काळा चष्मा नाही. चिमीचा फोन दोन्ही हातांत, पोथी धरावी तसा. आईने तिच्या फोनवरून शूटिंग केलंय, हात हलतो तिचा. बाबा बघतात, मान हलवतात, परत बघतात. मधेच त्यांच्या हातातल्या फोनचा उजेड गेला, स्क्रीन काळी झाली. हे फोन असेच, हात लावला नाही की झोपतात. पण बाबांचं लक्षच नाही. ते तसेच बघत राहिले, काळ्या स्क्रीनकडे, इतके रमलेले. ओठावर बारीकसं हसूही आहे.

मला आणखी काय हवं? बरं म्हणाले नाहीत, पण हे बरं म्हणण्याच्या वर आहे. मी दहा वेळा बघितला. उद्या सगळ्यांना दाखवणार.

२६ मे

वेल्डरला दाखवला. त्याने एकदा बघितला, मग माझ्या हातातून फोन घेऊन परत बघितला. म्हणाला, "केव्हापासून दिसत नाही याला?"

मी म्हटलं, "कोणाला?"

तो म्हणाला, "आम्ही वेल्डर लोक एकमेकांचे डोळे बघत असतो. कोणाचे चालले ते आम्हाला कळतं. पोरा, तुझ्या बापाला दिसत नाही."

मी त्याला वाईट शिवी दिली. त्याच्याच भाषेतली, त्यानेच शिकवलेली. त्याने फोन माझ्यापुढे धरला. मग मी फोन हातात घेतला आणि बाहेर गेलो.

चिमी आधी नाही नाही म्हणत राहिली. मग म्हणाली, "दादा, शपथ घातली होती रे त्यांनी."

डोळ्यांच्या आत दाब वाढतो म्हणे. कडेकडेने अंधार येत जातो आणि माणसाला कळतही नाही. गेलेलं परत येत नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. न्हाव्याची पाटी केली तेव्हा समोरचं नाण्याएवढं दिसत होतं. एक अक्षर दिसायचं, ओळ दिसायची नाही.

मी म्हटलं, "आणि एप्रिलात?"

चिमी रडत होती. "विचारू नकोस."

"सांग."

"एप्रिलात होतं थोडं. तू येणार म्हणून रोज आरशासमोर जाऊन बघायचे, अजून आहे का. तोंड जवळ नेलं की दिसायचं. मग तू भिंतीचं सांगितलंस. मी भांडले त्यांच्याशी. ते म्हणाले, त्याने जन्मात एक गोष्ट पुरी करायला घेतलीय, त्यात माझे डोळे घालू नकोस."

२७ मे

कामावर गेलो. एका जहाजाचं नाव काढायचं होतं, काढलं. कोणतं ते आठवत नाही.

मी त्यांना दारू प्यायला लागलात का असं विचारलं होतं. हे मी पुसू शकत नाही.

संध्याकाळी वेल्डरची माफी मागितली. त्याने खाटेवर सरकून जागा दिली. मी म्हटलं, "असं असतं का ते तुमचं सौदाद? आता मला जे होतंय ते?"

त्याने पेटीवरच्या शब्दावरून अंगठा फिरवला. म्हणाला, "नाही. ह्याला आमच्याकडेही शब्द नाही."

२९ मे

मुकादमाकडे गेलो, रजा मागितली. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, पाळी तू स्वतः दिलीस, आता ज्याची आहे तो मूल मांडीवर घेऊन बसलाय, त्याला बोलावू का? मी नको म्हटलं. आणि आता आठ दिवसांत गेलो काय आणि ऑगस्टात गेलो काय.

बाबांना अजून फोन केला नाही. काय बोलायचं? चिमीला बजावलंय, मला कळलंय हे त्यांना कळता कामा नये. ती म्हणाली, "छान. आता तूही सुरू कर."

१ जून, रविवार

सकाळी मेस रिकामी होती. रंगाचे डबे घेऊन गेलो. वेल्डर त्याच्या जागेवर चहा पीत होता, खिडकीसमोर.

मी म्हटलं, "मला तुझी खिडकी काढायचीय."

"का? चांगली आहे."

"चांगली आहे. पण बाबा म्हणाले, डावी बाजू जड झालीय."

त्याने चित्राकडे पाहिलं. कोणालाही दिसेल की डावी बाजू जड नाही. ती आहे म्हणून तर उजवीकडची शिडी तोलली गेलीय. माझ्या आयुष्यात मी एकदाच बरोबर तोल साधला आणि तो हा. मी म्हटलं, "नाही म्हणालास तर नाही काढणार."

वेल्डर उठला. चहाचा कप टेबलावर ठेवला आणि कपाटातून खरवडणी आणून माझ्या हातात दिली. मग टेबलाच्या पलीकडे, भिंतीकडे पाठ करून बसला.

आधी खरवडली, मग भिंतीच्या रंगाचे दोन हात दिले. पहिल्या हातातून निळा दिसत होता, दुसऱ्यात गेला. स्वयंपाकी आत आला, म्हणाला, "अरे, सोन्यासारखं होतं, कशाला हात लावलास? सगळं उजवीकडे कलंडल्यासारखं दिसतंय."

दिसतंय खरं. ज्यांना दिसतं त्यांना दिसू दे.

रंग वाळल्यावर फोटो काढून चिमीला पाठवला आणि बाबांना फोन केला. आवाज नीट ठेवला.

"बाबा, डावी बाजू हलकी केली. खिडकी होती तिथे एक, काढून टाकली."

"खिडकी होती होय," बाबा म्हणाले. "तरीच."

"फोटो पाठवलाय. बघा."

"चिमे, दे गं इकडे." फोन हातात घेतल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "तुला कोणी काही बोललं का रे?"

"नाही. कोण काय बोलणार?"

"बरं."

पंखा ऐकू येत होता आमच्या घरातला, त्याचं एक पातं लागतं. मी भिंतीकडे बघत उभा होतो. तिकडे बाबाही बघत असतील, तोंड फोनकडे करून.

"आता बरं दिसतंय," बाबा म्हणाले. "पुरं झालं."

"हो."

"उजवीकडे हात लावू नकोस आता. शिडीवरचा राहू दे तसाच."

नाही लावत, म्हटलं.